खुणेची काडी

नदीकाठी घर घेतल्यापासून पावसाळ्यात माझं निम्मं लक्ष पाण्याकडे असतं. धरणातून पाणी सोडलं की मी मोबाइलवर आकडे बघत बसतो. शेजारच्या आक्का मात्र घाटालगत, पाण्याच्या अगदी कडेला चिखलात एक काडी रोवून येतात आणि चहा झाला की पुन्हा बघायला जातात. काडी बुडाली तर पाणी चढतंय, मागे कोरड्यात राहिली तर उतरतंय.

काल काडी दोनदा बुडाली. मी दर पाच मिनिटांनी आकडे बघू लागलो. आक्कांनी धान्याचे डबे माळ्यावर चढवले, शेळी वरच्या आळीत नेऊन बांधली आणि मग खण-नारळ काढून उंबऱ्यापाशी ठेवला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नदी घाटावरनंच परत गेली, तर तिथं जाऊन ओटी भरीन. दारात आलीच, तर हितं. दारात आलेल्या बाईला रिकामं कसं धाडायचं?"

भीती त्यांनाही होती; डबे काही उगाच चढवले नव्हते. पण त्या भीतीतही त्यांचा पाहुणचार सुटला नव्हता.

आज सकाळी काडी कोरड्यात उभी होती. आक्का ताट घेऊन घाटाकडे निघाल्या. मी मोबाइल घरीच ठेवला आणि ओटीचा नारळ घेऊन त्यांच्यामागून गेलो.