पाणी चालूच होतं

खंडेनवमीला आमच्या पिंपरीच्या कारखान्यात यंत्रांनाही सुट्टी असे. फॉर्मलिनच्या प्लान्टवर वाफेचं द्रावण करणारा एक उभा कंडेन्सर होता; त्याच्या नळ्यांभोवती गार पाणी फिरायचं. प्लान्ट बंद करून ऑपरेटरनं त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. कासारवाडीच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस, यंत्राला बैलासारखा जपायचा.

दसरा उलटल्यावर प्लान्ट सुरू केला, तर वाफ पुढे सरकेना. झाकण उघडलं. नळ्या खडूसारख्या पांढऱ्या थरानं गच्च भरलेल्या.

मॅनेजरांचा निकाल तयारच होता. "पूजेच्या घाईत पाणी आधीच बंद केलं यानं. घरी बसवा त्याला."

घरी बसवा म्हणे! त्याची जमीन केव्हाच कारखान्यांत गेलेली. बसायला घर होतं, पण कसायला शेत कुठे होतं?

मी प्रयोगशाळेत केमिस्ट, म्हणून कारण शोधायचं माझ्या गळ्यात पडलं. वाफ जितकी गार करावी तितकं बरं, एवढंच मी धरून चालले होते. काचेच्या नळीत तीच वाफ घेऊन बाहेरून बर्फ लावला, तर आत पांढरी साय धरली. कोमट पाण्यात ठेवली, तर काही नाही. म्हणजे बंद प्लान्टच्या नळ्यांत अडकून राहिलेली वाफ गार होता होता स्वतःशीच जुळून घट्ट होत होती? मग दोष पाणी बंद केल्याचा, की चालू ठेवल्याचा?

ऑपरेटरला गाठून विचारलं.

"पानी चालूच व्हतं बाई, सणभर," तो म्हणाला. "म्हटलं, यंत्राला बी जरा गार वाटू द्या."

मला हसू आलं आणि लगेच काचेतली ती पांढरी साय आठवली. सुटायला तो जे सांगत होता, त्यातच बहुधा त्याची चूक होती.

मॅनेजरांनी मला विचारलं, "पाणी चालू होतं?"

"हो."

"मग नळ्या चोंदल्या कशा?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. वीतभर काचेवरून एवढ्या धुडाचं निदान करायची माझी छाती नव्हती. मॅनेजर चडफडले, पण पाणी चालू होतं म्हटल्यावर त्याला घरी बसवायचं त्यांनी सोडून दिलं.

संध्याकाळी तो गेटवर पेढे घेऊन उभा. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाला, "पान्यानंच वाचवलं बघा मला. आता प्लान्ट बंद असू दे न्हाईतर चालू, पान्याचा वॉल मी कदी बंद करायचा न्हाई."