फाटक्या शेठचं चिलखत

माझा नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा डबा घरी आला. रे रोडला लाकडाच्या वखारीत तो हिशेब बघायचा. जेवता जेवता छातीत कळ आली आणि सगळं तिथेच आटोपलं. वखारीतल्या माणसाने आणून दिलेल्या डब्यात अर्धी चपाती आणि जवळजवळ सगळी भेंडी तशीच होती. मी डबा घासायला बसले. खोलीत जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आता तरी ही रडेल म्हणून. मला एवढंच कळत होतं की भेंडी कडेला चिकटली आहे आणि निघत नाहीये.

पुढचे कितीतरी महिने माझं असंच होतं. परळला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मी बसते. लोक रिपोर्ट घ्यायला येतात, पाकीट तिथेच फोडतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. पूर्वी मला त्यांची दया यायची, कधी कधी वैतागही यायचा. आता दोन्ही येत नव्हतं. भूक लागायची, झोप लागायची, बसच्या रांगेत कोणी घुसलं तर मी त्याला बाजूला करायचे. बाकी आत सगळं बंद होतं. ज्यांना हे सांगितलं ते म्हणाले, वेळ जाऊ दे. वेळ जातच होता, त्याला काय माझी परवानगी हवी होती?

लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आता मी आणि सासूबाई, दोघीच. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सासूबाईंनी घरातच साड्यांचा धंदा काढला. गाठोडं सोडायचं, गिऱ्हाईक बाईच्या खांद्यावर पदराचं टोक टाकून तिला आरशात दाखवायचं, पण घडी काही मोडू द्यायची नाही. नियम एकच होता आणि तो त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला होता: घडी मोडलेली साडी परत घेतली जाणार नाही. एकदा नेसलीत की ती तुमची, मग रंग आवडो न आवडो. धंदा कधीच बंद झाला. पुठ्ठा अजून कॅलेंडरच्या खाली आहे.

अशा बाईच्या मुलाला नवं काही अंगावर घालणं जिवावर यायचं. कपाटात त्याचे शर्ट प्लास्टिकमध्ये, कॉलरखालच्या पुठ्ठ्यासकट पडून असायचे. सणाला घालू म्हणायचा. सण आला की म्हणायचा, एवढ्या गर्दीत कशाला, खराब होईल. यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत. मग भोईवाड्याच्या स्मशानात नेताना कोरं कापड आणलं आणि आणल्या आणल्या त्याच्या अंगावर चढलं. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होतंय, असं माझ्या मनात आलं होतं. पुढे ते शर्ट मी प्लास्टिकसकट त्याच्या चुलतभावाला देऊन टाकले.

त्याचा जीव खरा कशात असेल तर संध्याकाळच्या धंद्यात. कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन गेम आहे, त्यात जगभरचे लोक एकाच वेळी खेळतात. कोणी राक्षस मारतं, कोणी किल्ले जिंकतं. हा पठ्ठ्या काहीच मारायचा नाही. त्या गेममधल्या शहरात वेशीपाशी एक बाजार भरतो, तिथे याचा माणूस, म्हणजे पडद्यावर याच्या इशाऱ्याने हलणारं चित्र, उभा असायचा. खेळ सोडून चाललेल्यांकडून दुर्मिळ तलवारी, ढाली, शिरस्त्राणं स्वस्तात घ्यायची, दाबून ठेवायची, आणि कोणी त्यासाठी हट्टाला पेटलं की चढ्या भावात विकायची. व्यवहार गेममधल्या मोहरांमध्ये व्हायचा आणि त्या मोहरांना बाहेर खरे पैसे मिळायचे. आमचा फ्रिज असाच आला. कुठल्याशा भाल्यावर आला म्हणे. शेजारणीने विचारलं तेव्हा मी बोनस मिळाला म्हणून सांगितलं.

त्या गेममध्येही एक नियम होता. वस्तू जोवर कोणी अंगावर चढवलेली नाही तोवरच ती विकता येते. एकदा चढवली की ती त्या माणसाला कायमची चिकटते. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण नवरा आपल्या आईचाच शब्द वापरायचा. त्याचं बघून तिथले सगळे मराठी व्यापारी एकमेकांना विचारायला लागले होते, घडी मोडलीय का? सासूबाईंना याचं फार कौतुक होतं. बाकी तो गेम त्यांच्या डोक्यावरून जायचा आणि त्या कधी पडद्याजवळ फिरकायच्या नाहीत. डोळे दुखतात म्हणायच्या.

आणि ज्याच्या पेटाऱ्यात राजेमहाराजांची चिलखतं पडलेली, त्या त्याच्या माणसाच्या अंगावर काय, तर खेळ सुरू करताना फुकट मिळतो तो मातकट, दंडावर फाटलेला सदरा. सगळं विकायचं, घालायचं काही नाही. बाजारात त्याला फाटका शेठ म्हणायचे. मीही म्हणायचे.

तेरावं झाल्यावर त्याचा एक मित्र घरी आला. तो फणसवाडीत राहतो आणि हाच धंदा करतो. पाणी प्यायला आणि म्हणाला की वहिनी, पेटाऱ्यात माल पडून आहे, नव्या वस्तू आल्या की जुन्याचा भाव उतरतो. विकायला तो मदत करणार होता, पण बाजारात उभं मलाच राहायचं होतं, कारण नवऱ्याचा माणूस आमच्याच कॉम्प्युटरवर उघडायचा, पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत नव्हता. मी हो म्हटलं. काहीतरी करायला मिळत होतं, एवढंच.

पहिल्याच गिऱ्हाइकाला मी घोटाळा केला. शिंगांचं एक शिरस्त्राण होतं. समोरच्याने विचारलं, कसं दिसतं? मी इतकी वर्षं सासूबाईंना खांद्यावर पदर टाकून दाखवताना बघितलेलं. मीही त्यातलं एक बटण दाबून शिरस्त्राण फाटक्या शेठच्या डोक्यावर ठेवून दाखवलं. गिऱ्हाईक हसलं आणि निघून गेलं. मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “वहिनी, घडी मोडलीत तुम्ही.” दुसरं कोणी असतं तर ओशाळलं असतं. मी ते शिरस्त्राण काढून पेटाऱ्यात टाकलं आणि भात लावायला उठले.

नंतर मी शिकले. लॅबमधून आले की चहा घ्यायचा आणि बाजारात उभं राहायचं. तलवारी गेल्या, ढाली गेल्या. काही लोक मलाच तो समजून बोलायचे, कुठे होतास शेठ इतके दिवस? सुरुवातीला मी खरं सांगायचे. मग त्यांची ती हळहळ वाचत बसावी लागायची, म्हणून सोडून दिलं. गावी गेलो होतो, असं लिहायला लागले.

गाव मालवणकडे. तिथल्या आमच्या घराचे वासे वाळवीने खाल्ले होते आणि अर्धं छप्पर खाली आलं होतं. नवरा आईला कधीपासून सांगायचा की वखारीतून चांगलं लाकूड बघून देतो, कौलं घालू. तो गेल्यावर सासूबाईंनी गावी जाऊन राहायचं मनात घेतलं. या खोलीत त्यांना जेवण जात नव्हतं. त्याची बसायची जागा समोर दिसते, म्हणायच्या. छप्पर झालं की मी चालले. मला त्यांनी चल म्हटलं नाही. माझी नोकरी इथे होती आणि मी काय त्यांच्या पोटची नव्हते. मीही राहा म्हटलं नाही. त्या गेल्या की खोलीत मी एकटीच उरणार होते. तेही मला बातम्यांमधलं कोणाचं तरी वाटायचं.

पेटाऱ्यात विकण्यासारखी शेवटी एकच वस्तू राहिली, एक चिलखत. निळसर रुपेरी, बारीक पत्र्यांचं. गेमच्या सुरुवातीच्या काळात थोड्याच लोकांना मिळालेलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तेव्हाच घालून टाकलेलं. घडी न मोडलेलं असं कुठे शिल्लकच नव्हतं. नवरा ते मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या दागिन्यासारखं जपून होता. आम्हाला मुलगी नाही, मुलगाही नाही. मित्राने गिऱ्हाईक आणलं ते पुण्याचं. त्याच्या एका रकमेत वासे, कौलं, मजुरी, सगळं बसत होतं. आणि त्या पुणेकराला ते पाडव्याच्या मुहूर्तावरच हवं होतं. कॉम्प्युटरमधलं चिलखत घ्यायला मुहूर्त. मी म्हटलं, बरं.

पाडव्याला आमच्याकडे गुढी नव्हती, वर्ष व्हायचं होतं. गॅलरीत बाकी सगळ्यांच्या गुढ्या लागल्या होत्या आणि कडुलिंबाची पानं आमच्या दारापर्यंत उडत होती. पुणेकर दहाला येणार होता. मी कॉम्प्युटर लावला तशा सासूबाई चष्मा पुसत पुसत आल्या आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, माल जाण्याआधी एकदा बघते. साड्यांच्या वेळची सवय असणार, असं मला वाटलं.

मी चिलखत उघडून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पोत चांगला आहे म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष बाजूला उभ्या असलेल्या फाटक्या शेठकडे गेलं. हा कोण, म्हणून विचारलं. मी सांगितलं की हा त्याचा माणूस, तो या खेळात हा व्हायचा. सासूबाई पुढे वाकल्या. दंडावरची फाटलेली जागा त्यांनी बोटाने चाचपली, पडद्यावरच.

“असो उभो रवायचो बाजारात?”

मी हो म्हटलं. सगळं विकायला ठेवायचा ना, म्हटलं. त्यांचं बोट त्या फाटलेल्या जागेवरच होतं. बाहेर कोणाच्या तरी दारात साखरेच्या गाठ्यांवरून दोन पोरं भांडत होती.

“घाल तेका ता,” सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं की मग विकता येणार नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. हे कोणाला सांगतेस, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आई, मग छप्पर?

“छप्पर खंय पळान जातला? माझ्या पोराच्या अंगावर नवा काय बघूक नाय गावला माका. आज पाडवो आसा. घाल, बाय.”

मी बटण दाबलं. पडद्यावर नेहमीचा इंग्रजी प्रश्न आला. तो मी त्यांना मराठीत वाचून दाखवला: घातलं की कायमचं याचंच होईल, काढून कोणाला देता येणार नाही, घालायचं का? माझा हात माउसवर होता. सासूबाईंनी आपला हात त्यावर ठेवला. तो गरम होता आणि त्याला कांद्याचा वास येत होता. छप्पर होऊ नये, ही बाई कुठे जाऊ नये, असं मला इतके महिने वाटत होतं आणि ते मला त्या घटकेला कळलं. मी हो दाबलं.

फाटका सदरा गेला आणि चिलखत आलं. त्याला ते नीट बसलं. गेममधली माणसं उभी असली तरी अगदी दगडासारखी नसतात, जराशी हलतात. सैल सदऱ्यात मला ते कधी जाणवलं नव्हतं. आता छातीवरच्या पत्र्यांवरचा उजेड वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता.

“श्वास घेता गो,” सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

आणि मला त्याचा राग आला. इतका राग की माझे कान तापले. किती चांगला दिसला असता तो त्या शर्टांत. एकदा, नुसतं दादरला जाऊन भाजी आणायला म्हणून घातला असता एखादा, तर काय बिघडलं असतं? मी हे मोठ्याने बोलले असणार, कारण सासूबाईंनी माझी पाठ चोळायला सुरुवात केली. माझं नाक वाहत होतं. पदर नव्हता, ओढणी नव्हती, मी त्यांच्याच पदराला पुसलं.

फोन वाजला. फणसवाडीवाला होता. पुणेकर वेशीपाशी येऊन उभा आहे आणि शेठच्या अंगावर हे काय आहे म्हणून विचारतोय, म्हणाला. मी सांगितलं, घडी मोडली. त्याने अगदी सांभाळून विचारलं, चुकून का वहिनी? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आता काही करता येणार नाही, ते परत निघत नाही. मला माहीत आहे म्हणून मी फोन ठेवला.

सासूबाई स्टुलावरून हलल्या नव्हत्या. चष्मा वर करून त्या पडद्याकडे बघत होत्या. काय म्हणतो तो, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, म्हणतो, हे आता परत देता येणार नाही.

“माका देवचाच नाय,” त्या म्हणाल्या.