खाकी कव्हरांचं कपाट

कलशेट्टी सर गुरुवारी सकाळी लातूरच्या दवाखान्यात वारले. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या शेतात, समाजाच्या रीतीप्रमाणे बसवून, त्यांना समाधी दिली. मला बातमी नांदेडला, वर्तमानपत्राच्या कार्यालयात असताना फोनवर कळली. फोन शोभाचा होता. ती लोह्याला शिक्षिका आहे. आम्ही दोघंही सरांचे विद्यार्थी. "दिलीप, सर गेले रे," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "कपाटाची किल्ली अजून राजकुमारकडंच हाय का?"

शाळेच्या ग्रंथालयातल्या त्या कपाटाची किल्ली संस्थेच्या अध्यक्षाकडे, राजकुमारकडेच होती.

सर आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत मराठी शिकवत आणि ग्रंथालय सांभाळत. निवृत्तीनंतरही ग्रंथालय त्यांच्याकडेच राहिलं, बिनपगारी. शाळेच्या माजी विद्यार्थ्यानं पुस्तक लिहिलं की पहिली प्रत सरांना आणून द्यायची, ही पद्धत त्यांनीच पाडली. सर ते वाचत, खाकी कागदाचं कव्हर घालत आणि पाठीवर लेखकाचं नाव न घालता फक्त त्याच्या दहावीचं साल लिहीत. नाव बघून कुणी पुस्तक उचलू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. काचेच्या दारांच्या त्या कपाटात कवितासंग्रह, सोयाबीनवरची माहितीपुस्तकं, कथा, सगळी एकाच रंगात उभी असत. पुस्तक आलं की एका सोमवारी प्रार्थनेनंतर लेखकानं मुलांपुढे एक पान वाचायचं. कोणतं, ते सर ठरवत. पूजेतलं बेलाचं पान त्या जागी आधीच घालून ठेवत. आपल्याला काय वाचायचंय हे लेखकाला पुस्तक उघडल्यावरच कळे. हदगावच्या डेपोतल्या एका कंडक्टरनं आत्मकथन लिहिलं होतं. त्यानं पुस्तक उघडलं, तर बेलपान बरोबर त्या पानावर, जिथे तो गणितात नापास होऊन आठ दिवस घरी खोटं बोलतो. मुलांसमोर उभा राहून तो म्हणाला, "सर, नेमकं हेच गावलं व्हय तुम्हाला?" सर म्हणाले, "लिवताना लाज वाटली न्हाई, मग वाचताना कशाला वाटून राहिली?" मुलं हसली. कंडक्टरनं पान पूर्ण वाचलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या विहिरी आटल्या होत्या. शाळेच्या बोअरला मात्र पाणी होतं. फाटकाशी घागरींची रांग लागे. त्याच दिवसांत गावाचा नवा जिल्हा करावा, ही मागणी जोरात होती. शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष राजकुमार हाच त्या मागणीचा पुढारी. तोही सरांचाच विद्यार्थी, शोभाच्या वर्गातला. जिल्ह्यासाठीचा मेळावा शाळेच्या मैदानावर ठरला. धूळ उडू नये म्हणून आदल्या दिवशी बोअरचं पाणी मैदानावर मारलं गेलं आणि तेवढा वेळ फाटक बंद ठेवलं गेलं. बाहेरच्या रांगेत शोभाची आई होती.

पुढच्या वर्षी शोभाचं पुस्तक आलं. तालुक्यातल्या दुष्काळावरचं. त्यात एक प्रकरण शाळेच्या फाटकाचं होतं. सरांनी ते वाचलं, कव्हर घातलं, पाठीवर साल लिहिलं आणि कपाटात ठेवलं. कपाटात त्याच सालाचं आणखी एक पुस्तक काही वर्षांपासून होतं. राजकुमारनं आपल्या परदेश दौऱ्यावर लिहिलेलं. शोभाच्या पुस्तकावर मुलांची झुंबड उडाली. ते एका घरातून दुसऱ्या घरी फिरू लागलं. कुणाच्या तरी फोनवरून फाटकाच्या पानाचा फोटो गावभर गेला. वाचन सोमवारी ठरलं होतं. राजकुमार शनिवारी ग्रंथालयात आला. वाचनाची बातमी करायला मी आलो होतो, म्हणून तिथे होतो.

"सर, शोभीचं ते पुस्तक काढा."

"का बरं?"

"जिल्हा होऊन राहिलाय आपला. मोठी माणसं येऊन राहिलीत. अन् शाळेच्याच कपाटात शाळेची बदनामी?"

"खोटं काय लिवलंय, तेवढं दाखव."

"खरं-खोटं मला सांगू नका. किल्ली संस्थेची हाय, सर. तुमच्या घरची न्हाई."

सरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही घे. पण मी काढून देणार न्हाई. काढायचं तर तुझ्या हातानं काढ."

राजकुमारनं कपाट उघडलं. त्याच्या सालाची दोन पुस्तकं शेजारी शेजारी होती. एकाचं कव्हर मळलेलं, कोपरे दुमडलेले. दुसऱ्याचं कोरं, कडक. त्यानं कोरं उचललं आणि काखेत धरलं.

"राजकुमार, उघडून तरी बघ," सर म्हणाले.

"त्यात काय हाय ते ठाऊक हाय मला."

त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेला. मी सरांना विचारलं, बातमी करू का? ते म्हणाले, "कशाची? अजून काही झालंच न्हाई." त्यांचं म्हणणं तेव्हा मला कळलं नाही. कोरं कव्हर म्हणजे नवं पुस्तक, असंच मीही धरून चाललो होतो.

सोमवारचं वाचन झालं नाही. शोभानं सरांना फोन केला. "तुम्ही स्वतःच्या हातानं किल्ली दिलीत, सर." सर एवढंच म्हणाले, "एकदा ये. कपाटापुढं बसू." ती गेली नाही. सर रोज येत आणि कुलूप लावलेल्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसत, असं शाळेतले लोक सांगतात. दिवाळीनंतर ते अंथरुणाला खिळले. शोभाची आणि त्यांची भेट झाली नाही.

शोकसभा शाळेच्या मैदानावर झाली. शोभा मागच्या रांगेत बसली होती. राजकुमार चांगलं बोलला. कपाटाला सरांचं नाव देऊ, असं त्यानं जाहीर केलं, सर्वांदेखत किल्ली मुख्याध्यापिकांच्या हाती दिली आणि सरांच्या पद्धतीनं एक पान वाचून सभा संपवू या, असंही तोच म्हणाला. मुख्याध्यापिका आत गेल्या आणि मळक्या कव्हराचं एक पुस्तक घेऊन आल्या. "यात सरांचं बेलपान आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिलं पान उघडलं, थांबल्या... आणि मागच्या रांगेकडे पाहिलं. "शोभाताई, हे तर तुमचंच आहे."

राजकुमार खुर्चीतून उठला. शोभा पुढे आली. त्यानं टेबलावरचा माईक स्वतःकडे ओढला. शोभानं पुस्तक घेतलं आणि बेलपान होतं तिथे उघडलं. पान वाळून तपकिरी झालं होतं. ते फाटकाच्या प्रकरणात होतं. ती माईकशिवाय वाचू लागली. "फाटकाच्या आत पाणी मातीवर पडत होतं. आईनं घागर पालथी घातली आणि तिच्यावर बसली..." मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आवाज वाढव गं बाई, आम्हीबी व्हतो तिथं." शोभानं आवाज वाढवला. राजकुमार उभाच होता. काही वेळानं तो खाली बसला.

राजकुमारनं शोभाचं समजून नेलेलं स्वतःचंच पुस्तक पुढे कधी उघडलं का, याची खात्री मला करता आलेली नाही. शोभानं पान शेवटपर्यंत वाचलं, बेलपान होतं तिथेच ठेवलं आणि पुस्तक कपाटात परत लावलं. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. किल्ली मुख्याध्यापिकांकडे आहे.