आणायला गेले होते

नव्या शाळेत माझ्याशी कोणीही वाईट वागलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कोणी उगाच हळहळायला नको. कोणी चिडवलं नाही, डबा पळवला नाही, छडीसुद्धा खावी लागली नाही. तरी मला तिथे राहायचं नव्हतं, आणि हे मी पहिल्याच संध्याकाळी बाबांना सांगून टाकलं. बाबा बूट काढत होते. वर न बघताच म्हणाले, "गणपतीपर्यंत बस. मग पण नाय जमलं तर शेजारच्या गावात सातवीपर्यंत हाय, तिथं घालतो." त्या दिवसापासून मी गणपतीची वाट बघत होते, आणि ती मोदकांसाठी नव्हती.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक गुरुजी, आणि खाली पसरलेली बस्करं. बस्करावर माणसाला हवं तसं सरकता येतं, मांडी मोडता येते, खिडकीशी जाऊन येता येतं. कर्जतच्या शाळेत बाक होते. माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून ते आपोआप हलायचे, आणि ते हलले की पुढचा बाक हलायचा. पुढची मुलगी मागे वळून बघायची. मी पाय आवळून धरायचे, की मग हात सुरू व्हायचे. बाई म्हणायच्या, "तुझ्या अंगात काय मुंग्या आहेत का गं?" होत्याच. तासाला तास लागून यायचे, आणि माझा जीव काही थाऱ्यावर येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिडकीकडच्या बाकावरून एक मुलगी दप्तर घेऊन उठली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. कोणी सांगितलं नव्हतं. "डब्यात काय आणलंयस?" एवढंच विचारलं तिने. ती दहिवलीची, पुलापलीकडची. तिच्या अब्बांचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. बालवाडीपासून ती याच शाळेत, त्यामुळे कोणत्या नळाला पाणी येतं आणि कोणत्या सरांचा आवाज नुसताच मोठा आहे, हे सगळं तिला पाठ. माझे पाय हलायला लागले की ती तिचा पाय माझ्या पायावर टाकून ठेवायची. त्या शाळेत मला धरून ठेवणारं एवढंच काय ते होतं.

आता आमच्या गावच्या शाळेची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला पटायचं नाही. वरच्या डोंगरात आदिवासी वाडी होती, तिथली बरीच पोरं आमच्या वर्गात. आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी घरी राहायचं, किंवा ओढ्याला खेकडे धरायला गेलेलं असायचं. गुरुजी हजेरी घ्यायचे. एखादं नाव कोरडं गेलं की नुसतं आमच्याकडे बघायचे. आमच्यातले दोघं उठायचे आणि वाडीवर जाऊन त्या पोराला घेऊन यायचे. धाकटं भावंड असेल तर तेही कडेवर यायचं आणि बस्करावर झोपायचं. काम अर्धं राहिलं असेल तर आम्ही ते उरकेपर्यंत थांबायचो. गैरहजेरी लागायची ती आम्ही हात हलवत परत आल्यावरच. माझ्या पायाला मुळातच भिंगरी, त्यामुळे हे काम बहुतेक माझ्याकडे असे, आणि मी हात हलवत परत आल्याचं कोणाला आठवणार नाही.

तर जुलैच्या एका सकाळी कर्जतच्या वर्गात हजेरी झाली. माझ्या शेजारणीचं नाव आलं. उत्तर नाही. बाईंनी पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं, आणि वही मिटून फळ्यावर नकाशा काढायला लागल्या. मी वाट बघितली. कोणी उठेना. यांना एवढंही कळत नाही, असं वाटून मला रागच आला. मी उठले आणि चालायला लागले. विचारायचं काय त्यात? गुरुजींना कधी विचारावं लागलं नव्हतं. फाटकाशी शिपाईमामा नव्हते. दप्तर बाकावरच होतं, कारण मी लगेच येणार होते.

पूल ओलांडला. खाली उल्हास नदी गढूळ होऊन वाहत होती. कितीतरी दिवसांनी पाय मोकळे झाले होते, मी जवळजवळ पळतच होते. घर विचारत विचारत सापडलं. दारात टेंपो उभा होता. त्यात कपाट आडवं घालून दोरीने बांधलं होतं, गाद्यांच्या वळकट्या होत्या, आणि पायरीवर ती मांडीत भांड्यांची टोपली घेऊन बसली होती. तिची आई बाहेर आली.

"शाळा सुटली का गं एवढ्यात?"

"नाही. हिला न्यायला आले."

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. ही आली नाही ना, म्हणून." त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, काम अर्धं राहिलंय. मी म्हटलं, "तुमचं उरकू द्या काकी, मी थांबते."

काकी हसल्या. म्हणाल्या, "आम्ही पेणला चाललो बाळा. हिच्या अब्बांनी तिथं भावाबरोबर दुकान घेतलंय. दाखला मागाहून नेणार." आणि त्या आत गेल्या.

मी तिच्यावर भडकले. "मला सांगितलं का नाहीस?"

"मलाच काल कळलं." तिचे डोळे सुजलेले होते. टोपली सावरत तिने विचारलं, "नवीन शाळेत कसं असतं गं?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला माहीत असलेलं तिला माहीत नव्हतं. वाईट असतं, घड्याळ पुढे सरकत नाही, जाऊ नकोस, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण टेंपोत कपाट बांधून झालं होतं. मी म्हटलं, "पहिला दिवस कंटाळवाणा असतो. मग कोणीतरी शेजारी येऊन बसतं."

"आणि नाही बसलं तर?"

"तर तू जाऊन बस," मी तोऱ्यात म्हटलं, जसं काही मी ते रोज करत होते. तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं, याचीच मला भीती वाटली.

टेंपो गेल्यावर मी परत निघाले. येताना पूल फार लांब वाटला. शाळेच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या, आणि बाबा. बाबांची कारखान्यात दुपारपाळी होती म्हणून ते घरी होते, शाळेतून फोन गेल्यावर तसेच मोटारसायकलवरून आले होते. बाईंनी माझा दंड धरला. "पळून गेली होती तुमची मुलगी!"

"पळून नाही गेले. आणायला गेले होते."

"आणायला? कोणाला आणायला? कोणी सांगितलं तुला?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. तेही त्याच दोन खोल्यांत शिकलेले, त्याच वाडीची चढण चढलेले. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हळूच विचारलं, "मग? आली का गं ती?"

"नाय," मी म्हटलं, आणि मग जी रडायला लागले ती थांबेचना. आत्तापर्यंत मी रडलेच नव्हते.

बाबा खाली बसले, माझं नाक पुसलं. म्हणाले, "चल, दप्तर घे तुझं. गणपतीपर्यंत कशाला थांबायचं. उद्याच शेजारच्या गावच्या शाळेत जाऊन बोलतो मी."

मला हवं होतं ते समोर आलं होतं, मी फक्त हो म्हणायचं होतं. आणि मला ती दिसत होती, टेंपोत, टोपली धरून, मी सांगितलेलं घोकत पेणला निघालेली.

"नको," मी म्हटलं.

"का गं? रोज तर रडगाणं लावलंयस."

"मी तिला सांगून बसलेय."

बाबांनी मला फाटकातून आत सोडलं. वर्गात शिरले तेव्हा सगळे बघत होते. माझ्या बाकावर नुसतं माझं दप्तर होतं. मी ते उचललं, आणि माझे पाय हलले की जी मागे वळून बघायची त्या पुढच्या मुलीच्या बाकाशी जाऊन उभी राहिले.

"सरक गं," मी म्हटलं.