आईला तपासलं, असं मी सांगितलं

सकाळी आयसीयूतल्या सिस्टर आईचं अंग पुसायला आल्या आणि मला म्हणाल्या, जरा बाहेर थांबा. मी पडद्याबाहेर उभा राहिलो. दोन मिनिटांत त्यांनी आतून हाक मारली.

"डॉक्टर, हे बघता का? परकराच्या नाडीखाली काळं काहीतरी हाय."

आईच्या तापाचा तो आठवा दिवस होता. कमरेच्या उजव्या बाजूला, नाडीच्या वळालगत, शेंगदाण्याएवढी काळी खपली होती आणि तिच्याभोवती लाल कडं. नाडी काचून पडलेला वण असेल असं सिस्टरांना आधी वाटलं होतं. मला पाहताक्षणी कळलं. गेल्या सव्वा वर्षात अशा खपल्या मी काखेत, मांडीवर, कानामागे, कुठे कुठे पाहिल्या होत्या.

या खपलीला एस्कार म्हणतात आणि आजाराला स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत एक किडा असतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक. तो चावलेलं कळत नाही. चावल्या जागी खपली धरते, ती दुखत नाही, खाजत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. डॉक्सीसायक्लिन नावाची एक साधी गोळी वेळेवर दिली की ताप बहुतेक वेळा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर आजार फुप्फुसांवर, मूत्रपिंडांवर, मेंदूवर, कशावरही जाऊ शकतो. आईच्या फुप्फुसांवर गेला होता.

हे निदान चार दिवस आधी नेकनूरला, आमच्या घरात व्हायला हवं होतं. ते करायचं काम माझं होतं.

मी संसर्गजन्य आजारांचा डॉक्टर होतोय. एमडी झाल्यावर दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात याच विषयाची फेलोशिप करतोय, म्हणजे ज्येष्ठांच्या हाताखाली राहून शिकणं. या विषयात हत्यारं नाहीत, मोठी यंत्रं नाहीत. आमच्या मॅडम पहिल्या दिवशी शिकवतात त्या दोनच गोष्टी: रुग्णाला सगळं विचारा, आणि रुग्णाला सगळं बघा. सगळं म्हणजे डोक्याच्या केसांपासून तळपायापर्यंत. नव्या मुलांनी "अंगावर काही नाही" असं म्हटलं की मी स्वतः त्यांना छळायचो. मोजे काढले होतेस का, छातीखाली पाहिलंस का, असं विचारून चारचौघांत त्यांची मान खाली घालायला लावायचो. मला त्यात मजा वाटायची, हेही कबूल करतो.

दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो तेव्हा आई चार दिवस तापाने झोपून होती. त्याआधी ती पालीला, मामाच्या रानात सोयाबीन काढायला जाऊन आली होती. धरणाच्या अंगाच्या बांधावरचं गवतही तिनेच कापलं होतं, मामाच्या म्हशीसाठी. हे सगळं तिने मला कौतुकाने सांगितलं. मी ऐकून घेतलं. एखाद्या परक्या बाईने हीच हकीकत सांगितली असती, तर मी खुर्चीत सावरून बसलो असतो.

गावात डेंग्यूची साथ होती, दर दोन घरांआड एक माणूस झोपलेलं. आईच्या प्लेटलेट कमी आल्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. त्या डेंग्यूतही कमी होतात. मी मनात डेंग्यू धरला. छाती तपासली, पोट लुगड्यावरूनच चाचपलं, जीभ बघितली, डोळे बघितले. तिथे थांबलो.

तिथे का थांबलो ते सांगतो. आमच्याकडे लेक मोठा झाला की आई त्याच्यासमोर पाठ करून पदर नीट करते. मी बारावीत असल्यापासून तिचा उघडा दंडसुद्धा पाहिला नव्हता. तिला म्हणायचं काय, परकर सैल कर? माझ्या तोंडून ते निघेना. केजला माझी ताई सासरी आहे, एक फोन केला असता तर तासाभरात आली असती. शेजारच्या काकू होत्या. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई होत्या. मला यातलं काही सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण कशासाठी बोलावलं हे त्यांना सांगावं लागलं असतं, म्हणून मी ते टाळलं.

त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: अंगभर पाहिलंस का?

मी म्हणालो, "हो मॅडम. पाहिलं. काही नाही."

त्या म्हणाल्या, ठीक, डेंग्यू धरून चल, पण एस्कार नाही म्हणून स्क्रब नाही असं समजू नकोस, दोन दिवसांत ताप हटला नाही तर डॉक्सीसायक्लिन सुरू कर. सहाव्या दिवशी आईचा ताप जरासा कमी वाटला. पॅरासिटामॉलने सगळ्यांचाच वाटतो. मी म्हटलं, उतरतोय, गोळी कशाला. एकदा खोटं बोललं की माणूस त्याला धरूनच चालतो, मीही तेच केलं.

सातव्या दिवशी दुपारी आईला चार शब्द सलग बोलता येईनात. गाडी केली. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत दहा मिनिटं अडकलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढे बसले होते आणि सारखे वळून बघत होते. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. मी तिचे श्वास मोजत होतो, कारण तेवढंच मला करता येत होतं.

बीडच्या रुग्णालयातले फिजिशियन माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, भला माणूस. मी कशाचं शिक्षण घेतोय हे कळल्यावर त्यांनी आदराने विचारलं, तुम्ही पाहिलंच असेल सगळं? मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी केसपेपरवर लिहिलं: त्वचेवर काही नाही, मुलाने तपासलं आहे, मुलगा संसर्गजन्य आजारांचा डॉक्टर. माझ्या शिक्षणामुळे त्यांनी स्वतः पाहिलं नाही. मी नुसता सोयाबीनचा व्यापारी असतो, तर आईचा आजार त्याच दुपारी सापडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी हाक मारली. त्या काही तपासायला आल्या नव्हत्या, नुसतं अंग पुसत होत्या.

मी त्याच सकाळी फिजिशियनना खरं सांगितलं. त्यांनी केसपेपरवरची जुनी ओळ न खोडता खाली वेळ घालून नवी ओळ लिहिली आणि औषध सुरू केलं. आई गिळू शकत नव्हती, म्हणून नाकातून पोटात घातलेल्या नळीतून गोळी विरघळवून दिली. संध्याकाळपर्यंत मास्कचा ऑक्सिजन पुरेना. तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, म्हणजे श्वास यंत्राने द्यायचा आणि तोवर माणसाला झोपवून ठेवायचं.

त्यानंतरचे सहा दिवस मी बाहेरच्या लोखंडी बाकावर काढले.

ज्यांच्या घरचं माणूस आत आहे त्यांना एक सांगतो: आतलं सगळं कळत असेल तर बसणं सोपं होतं, असं समजू नका. मला प्रत्येक आकडा कळत होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं प्रमाण, वाढलेलं कळत होतं. सिस्टर घाईने चालल्या की कोणत्या बेडकडे चालल्या हे कळत होतं. आणि करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. गोळी पोटात गेली होती, आता तिचं तिने करायचं. गावाकडून माणसं डबे घेऊन यायची आणि अण्णांना सांगायची, घरचाच डॉक्टर हाय, काळजी कशाची. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो.

तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "तू ह्याच आजाराचं शिकतूस म्हणत्यात. मंग तुला आदी कावून कळलं न्हाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "अण्णा, मी बघितलंच नाही. लाजलो. अन् बघितलं म्हणून सगळ्यांना खोटं सांगितलं."

ते उठले, खाली गेले, दोन चहा घेऊन आले आणि एक माझ्या हातात दिला. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मॅडमनाही फोन केला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ता आईकडे बघ, परत आलास की ही केस सोमवारच्या बैठकीत सगळ्यांपुढे तू स्वतः मांडायचीस, काही न गाळता.

व्हेंटिलेटरच्या सातव्या दिवशी श्वासाची नळी निघाली. आईने डोळे उघडले आणि घसा बसलेल्या आवाजात पहिलं विचारलं ते म्हशीचं. मी आयसीयूतून बाहेर येऊन जिन्यात उभा राहून रडलो. त्या सिस्टरांचे आभार मानायला गेलो, तर त्या दुसऱ्या एका म्हातारीचं अंग पुसत होत्या, नुसत्या मान हलवून हसल्या. माझ्या आईचा जीव त्यांच्या हातातल्या ओल्या कापडाने वाचवला, असं मी आजही मानतो.

ही हकीकत वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. रानातून आलेल्या माणसाला ताप आला तर त्याचं सगळं अंग बघा. आई असेल तर बहिणीला, वहिनीला, नर्सबाईंना बघायला सांगा. आणि डॉक्टरने विचारलं तर जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणा.

घरी आल्यावर आठवडाभराने, ती खाटेवर उशीला टेकून बसली असताना, मी आईलाही सांगितलं.

"मला ठाव हुता की त्यो डाग," ती म्हणाली. "हळद लावली हुती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं कुठं. अन् इचारलं असतंस तरी न्हाईच म्हनले असते. लेकाला काय दाखवायचं असतं का तसलं."

म्हणजे आम्ही दोघंही लपवत होतो, एका खोलीत बसून, आणि मध्ये तिचा जीव टांगणीला.

निघायच्या दिवशी अण्णा रिक्षा बघायला गेले होते. मी पाया पडायला वाकलो तर तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, दार लोट. मी दार लोटलं. ती भिंतीकडे बघून बोलू लागली.

"आनखी एक हाय. ताईच्या लग्नाच्या आदीपासनं. वझं उचललं, खोकलं, की अंग बाहेर येतंय. लई तरास हुतोय बसायला."

ताईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं मी डॉक्टर आहे. गर्भाशय खाली सरकतं, बायका ते वर्षानुवर्षं कापडाने आवळून रानात राबतात, हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आलेलो आहे.

मी विचारलं, "ताईला बोलावू?"

"तिला बोलीव," आई म्हणाली. "पन तू जाऊ नगं. हितंच बस."

मी खाटेवर तिच्या शेजारी बसलो आणि ताईला फोन लावला. बाहेर अण्णा रिक्षा घेऊन आले, तेव्हा मी खिडकीतूनच त्यांना सांगितलं की आज जात नाही.