कुडव्यातली गुलाबी बदकं

कुडव्यात २००६ साली बदकं गुलाबी झाली, त्याचं सगळं श्रेय अल्काबाई मेश्रामांचं. विटलेल्या साड्या नव्याने रंगवून देण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा राणी रंग साडी फाटली तरी हटत नसे. उरलेलं पाणी मात्र नालीतून थेट शेजारच्या जीवनलाल पटलेंच्या डबक्यात उतरे.

एके सकाळी जीवनलाल दोन्ही काखांत एकेक बदक घेऊन दारात उभे.

"अल्काबाई, पाहा! माही बदकं नवरीवानी दिसून राहिली!"

"मंग हळद लावून टाका भाऊ."

"हसू नको. दिवाळीपावतर पाणी साफ नाही झालं तं नाली बुजवतो."

नाली बुजली की धंदाही बुजला. अल्काबाईंचं हसू मावळलं.

त्यांचे यजमान राजदीप गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत. लाकडाचा भुसा पाण्यातला रंग धरून ठेवतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते उत्साहाने आरा गिरणीवरून पोतंभर भुसा घेऊन आले, तोही सागाचा. हलकंसलकं आणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तळाला भोक पाडलेल्या पिंपात भुसा भरला आणि वरून गुलाबी पाणी ओतलं. खालून निघालं ते कडक चहासारखं.

"हा सागाचा स्वतःचा रंग," गुरुजींनी शांतपणे शोध जाहीर केला.

"पाणी साफ कराचं हाय का पलंग बनवाचा? साग कायले आणला?"

मग बाई स्वतः गेल्या. फळांच्या पेट्या बनतात त्या आंब्याच्या लाकडाचा भुसा आणला, रंगाच्याच भगोन्यात उकळला, पाणी नितळ येईपर्यंत धुतला आणि वाळवून पिंपात दाबला. गुलाबी पाणी थेंब थेंब झिरपू लागलं. खालचा गिलास भरला, तेव्हा त्यातून पलीकडे बसलेल्या गुरुजींची मिशी स्वच्छ दिसली.

जीवनलालांना मिशीचा पुरावा मान्य नव्हता. "बदकाले विचारू," म्हणत त्यांनी रंगातून वाचलेलं एकमेव पांढरं बदक त्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात सोडलं. ते मनसोक्त डुंबलं, पांढरंच बाहेर आलं आणि गुरुजींच्या शर्टावर अंग झटकून मोकळं झालं.

"राहू दे नाली," जीवनलाल म्हणाले. "पण भुसा थकला की बदलत जाय. पोतं मीच आणत जाईन, माही बैलबंडी गिरणीकडूनच येते."

"कायले तरास भाऊ? गुरुजी आणतील."

"नको! ते आता चंदनाचा आणतील."