आज्जे, आ कर!

एका रविवारी मी बारा ते दीड एवढा वेळ मरणाच्या दारात होते. तीन वर्षं झाली त्याला. तेव्हा मी अवघी सदुसष्टची, म्हणजे जरा अल्लडच!

कुसगावात आमच्या पडवीत नात मुक्ता आणि तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी दर रविवारी आळीतली पोरं शिकवायला बसवायच्या. फुकट! मी कोपऱ्यात गालात मिश्री दाबून टोमणे मारायची, "अगं, एवढा घसा फोडून मिळतं काय तुम्हाला?" मुक्ता नुसती हसायची. (पोरगी माझ्यावर गेलेली नाही.)

त्या दिवशी धडा होता तंबाखूचा. तोंडात पांढरा चट्टा दिसला, की डॉक्टर गाठायचा. चित्रंबित्रं दाखवून झाल्यावर मुक्ता म्हणाली, "आता तपासून बघू. कोण येतंय?"

पोरं लाजली. मीच पदर खोचून पुढे! "या, बघा! लोखंडाचं तोंड आहे माझं."

दुसरीतल्या पिंकीनं मोबाइलची बॅटरी पार घशापर्यंत नेली. "आज्जे, आ कर. आजून मोठा! ...ताई, हाय की हितं! पांढरा चट्टा!"

मुक्तानं वाकून बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "आजी, दुखतंय का गं?"

"नाही," म्हणताना माझी नजर चित्राकडे गेली. चित्राखाली लिहिलं होतं, सुरुवातीला दुखत नाही!

सून सुरेखानं रिक्षा थांबवली. पोरं मागे धावली, "आमी पन येनार! चट्टा आमी शोधलाय!" पिंकी तर चढूनच बसली. एरवी मी तिला जांभळावरून हाकलायची, आणि ती लोणावळ्यापर्यंत माझा हात धरून, "भिऊ नगं आज्जे. लवकर कळलं की बरं व्हतंय. ताईनं सांगितलंय."

दातांचे डॉक्टर जेवण अर्धं टाकून आले. चिमटा घातला, काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं. "मावशी, सकाळी काय खाल्लंत?"

"भाकरी आणि लसणाची चटणी."

"मग ही त्या लसणाची साल!"

मिश्रीनं बधिर झालेल्या गालाला पत्ताच नव्हता! मी त्या खुर्चीतच रडत हसले. मुक्ता गळ्यात पडली. डॉक्टरांनी पिंकीची पाठ थोपटली. "अगदी बरोबर केलंस. शंका आली, की असंच आणायचं. आणि मावशी, मिश्री आजपासून बंद!"

बंद म्हणजे बंद. दर रविवारी पिंकी माझं तोंड तपासल्याशिवाय पाटीला हात लावत नाही. मुक्ताला काय मिळतं, ते मी पुन्हा विचारलं नाही.

सुटकेचा आनंद मात्र घरी पोचेपर्यंतच टिकला. कारण दवाखान्यात जाताना, आता मरतेच आहे तर कशाला अडून राहायचं म्हणून, मी भर रिक्षात सुनेचा हात धरून कबूल केलं होतं, "सुरेखा, पुरणपोळी तुझीच सरस होते गं!" मुक्ता, पिंकी आणि रिक्षावाला, तीन साक्षीदार! तेव्हापासून सणाला पुरण ती वाटते, आणि मी डाळ निवडते.

तेव्हा बायांनो, सुनेपाशी असलं काही कबूल करण्याआधी एकदा चूळ भरून बघा!